मागे कोणीच नव्हतं

"लात कोणं मारली बे?"

हे मी ओरडलो ते सव्वीस जानेवारीला, शाळेच्या मैदानात, झेंड्यापासून वीस पावलांवर, अख्ख्या गावासमोर. साल २०१९. प्रभातफेरी झाली होती, झेंडावंदन झालं होतं, सरपंचांचं आणि त्यांच्यानंतर आणखी चौघांचं भाषण झालं होतं, लेझीम झाली होती, पोट्ट्यांच्या हातात बुंदी पडली होती. मग दरवर्षीसारखा 'मास्तर विरुद्ध पोट्टे' हा बास्केटबॉलचा सामना लागला. दीड तास मी थंडीत लोखंडी खुर्चीवर बसून होतो. उठलो, बाह्या दुमडल्या आणि थेट कोर्टावर उतरलो. अडतीस वर्षांचं वय, पोटाला नुकतीच आलेली गोलाई आणि विशीतल्या खेळाचा माज, एवढंच भांडवल. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चेंडू हातात आला. समोरच्याला चकवून आत घुसायचं म्हणून डावा पाय एक पाऊल मागे टाकला, टाच टेकवली आणि तिथून पुढे झेप घ्यायला गेलो. वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर ठेवून मोडावी तसा 'कट्' आवाज झाला. स्कोअर लिहायला बसलेल्या बाईंनाही तो ऐकू गेला, असं त्या नंतर म्हणाल्या. त्याच क्षणी टाचेच्या वर कोणीतरी बुटासकट सणसणीत लाथ घातली. पडता पडता मी मागे वळून पाहिलं, तर नजरेला पडला तो सात नंबरची जर्सी घातलेला दहावीतला एक पोरगा.

"म्या नाई मारली सर," तो म्हणाला.

"मंग काय भुतानं मारली? घरी हेच शिकोतात का तुले?"

लोक हसले. त्याचा बाप मैदानाच्या कडेला सायकल धरून उभा होता, तो हसला नाही. पोरगं खाली मान घालून बोर्डाच्या खांबाशी जाऊन उभं राहिलं. मला दोघांनी उचलून खुर्चीवर बसवलं. सामना पुढे चालू झाला, पण सात नंबर परत खेळायला उतरला नाही.

पुढे महिनाभरानं, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडलो असताना भाच्यानं त्या सामन्याचं मोबाईलवरचं शूटिंग दाखवलं. पाहायला नको होतं असं वाटावं इतकं ते स्पष्ट आहे. मी पाऊल मागे टाकतो, पोटरीचं मांस एकदम थरथरतं आणि गोळा होऊन वर सरकतं, आणि मी कोसळतो. माझ्या मागे दहा फुटांत माणूस नाही. सात नंबर पलीकडच्या बोर्डाखाली कमरेवर हात ठेवून उभा आहे. मला तो दिसला, कारण मी वळलो त्या दिशेला तोच होता. एवढाच त्याचा गुन्हा.

माफी मागायची राहून गेली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. राहून गेली नव्हती. मागितली नव्हती.

पाय तुटला तो दिवस एक, आणि तुटला हे कळलं तो दिवस दुसरा. या दोहोंत आठ दिवस गेले. गावात निदान लगेच झालं: लचक. जवसाचं तेल कोमट करून आलं, हळदीचा लेप आला, शेजारच्या गावचा मुरगळा काढणारा आला. त्यानं पाय मांडीवर घेऊन असा ओढला की डोळ्यांपुढे दिवसा चांदण्या आल्या. तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे म्हणाले. खरंच होतं ते. एक्स-रेत हाड दिसतं, नस, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारा दोर, दिसत नाही. शिवाय मला पाय टेकवता येत होता, लंगडत का होईना चालता येत होतं, बोटं हलत होती, बसल्या बसल्या पंजाही थोडा खाली जात होता. मग तुटलं कसं म्हणायचं? हीच तर फसगत आहे. टाचेची मोठी नस गेली तरी घोट्याच्या आतून जाणारे लहान स्नायू पंजा थोडाफार खाली ओढतात, आणि माणूस समजतो की गाडी चालू आहे, इंजीनच बसलंय हे त्याला कळत नाही. जिना मात्र चढता येईना. चवड्यावर उभं राहायला गेलो तर टाच जमिनीपासून कागदाएवढीही उचलली जाईना. तेव्हा कुठे नागपूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी मशीन लावली नाही, सुई टोचली नाही. मला पालथं झोपवलं, दोन्ही पाय टेबलाच्या बाहेर लोंबते ठेवले आणि उजवी पोटरी मुठीत धरून दाबली. उजव्या पंजानं मान डोलवावी तसा हेलकावा दिला. मग डावी दाबली. डावा पंजा गप्प. पुन्हा दाबली. गप्प. "गेली," ते म्हणाले. दहा सेकंदांचं काम. हे शाळेच्या शिपायालाही शिकवता येईल, आणि मी आठ दिवस तेल चोळत बसलो होतो. तोवर तुटलेलं वरचं टोक पोटरीकडे ओढलं गेलं होतं आणि मधली फट वाढली होती. ऑपरेशन झालं. चवडा बॅले नाचणाऱ्या बाईसारखा खाली ठेवून प्लास्टर घातलं, म्हणजे दोन टोकं एकमेकांजवळ राहावीत. मग बूट आला. त्यात टाचेखाली पाचरी होत्या, त्या दर काही दिवसांनी एकेक करत निघायच्या. शाळेत जूनमध्ये गेलो तो काठी घेऊन. एका पायाच्या चवड्यावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

पण डॉक्टरांनी त्या दिवशी जे प्रश्न विचारले ते ऑपरेशनपेक्षा जास्त बोचले. "गेल्या महिन्यात पोटासाठी, लघवीसाठी काही अँटिबायोटिक घेतलं होतं?" घेतलं होतं. संक्रांतीच्या सुमाराला पोट बिघडलं, मेडिकलवर जाऊन नेहमीच्या पाच दिवसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी कोण मागतो आपल्याकडे? त्या जातीच्या गोळ्यांनी टाचेची नस कमजोर पडू शकते, तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ पासून त्यांच्या माहितीपत्रकात चौकटीत तसा इशारा छापायला लावला आहे. सोबत स्टेरॉइड चालू असेल, वय साठीपुढचं असेल तर धोका आणखी. माझी नस गोळ्यांमुळंच गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. फक्त वहीत एक कारण लिहिलं गेलं. मग त्यांनी विचारलं, "सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेच्या वर आखडल्यासारखं व्हायचं?" मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

दिवाळीपासून होत होतं. आमचं घर जुनं, जोत्याला पाच पायऱ्या. सकाळी त्या उतरताना मी भिंतीला हात लावून, आडवा होऊन, एकेक पायरी घ्यायचो. बायको म्हणाली होती, "अहो, तुम्ही तं आजीसारखे उतरून राह्यले." मी हसण्यावारी नेलं. दोन-चारशे पावलं चाललो की आखडलेपण निघून जायचं. टाचेच्या वर चार बोटांवर, बरोबर जिथं नंतर तुटली तिथं, नस जाड झाली होती. चिमटीत धरली की आत हरभऱ्याएवढी गाठ लागायची आणि कळ यायची. पाय वर-खाली केला की कधीकधी आत करकर वाजायचं, नव्या चपलेच्या चामड्यासारखं. नसेच्या नेमक्या त्या पट्ट्यात रक्ताचा पुरवठा तसा बेताचाच, म्हणून दुरुस्तीही तिथं संथ. यातलं काही मला माहीत नव्हतं. पण दुखतंय हे तर माहीत होतं! संध्याकाळी पोरांबरोबर खेळायला उतरलो की पहिली पाच मिनिटं दुखायचं, मग थांबायचं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी आधीपेक्षा थोडं जास्त दुखायचं. मी त्यातला मधला तुकडाच धरून बसलो. गरम झालं की जाते.

हे वाक्य मला मिळालं ते शाळेत असताना, जिल्ह्याच्या संघाच्या शिबिरात. तिथले एक प्रशिक्षक दुखण्याला आळसाचं टोपणनाव समजायचे. कोणी पाय धरून बसला की म्हणायचे, "गरम कर, जाईल." आणि जायचंही. म्हणूनच ते खोटं वाक्य इतकं टिकलं. जे दुखणं खेळताना वाढतं ते प्रामाणिक असतं, ते तुम्हाला मैदानाबाहेर काढतं. हे टाचेचं दुखणं सावकारासारखं आहे. खेळताना हसतमुखानं उधार देतं आणि सकाळी दारात येऊन बसतं. टाचेला काय वाटतंय ते मैदानात विचारायचंच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उतरताना विचारायचं असतं.

बाबा तेव्हा होते. प्लास्टर घालून घरी आलो तर खाटेशी येऊन बसले, पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बैल असता तू, त मले महिनाभर आंधी समजलं असतं."

मला राग आला होता. पण ते शब्दशः खरं होतं. आमच्याकडे दोन जोड्या होत्या. जू उतरवलं की बाबांचा हात आधी बैलाच्या खांद्यावर जायचा. कातडी गरम आहे का, केस घासले गेलेत का, आत गाठ धरतेय का, हे ते बोलता बोलता चाचपायचे. खांद सुजलेली लागली की ती जोडी दुसऱ्या दिवशी घरी, मग पेरणी का अडेना. उन्हाळाभर गोठ्यात बसलेला बैल मृगाच्या तोंडावर एकदम दिवसभर वखराला जुंपत नसत. पहिल्या दिवशी दोन तास, ऊन चढायच्या आत सोडायचा. मग तीन तास. नव्या गोऱ्ह्याला तर नुसतं जू ठेवून रिकामंच फिरवायचे. आणि उलटही होतं. दुखलं म्हणून बैलाला महिनोन्महिने बांधून ठेवलं तर तो कामातून जातो, हेही त्यांना ठाऊक होतं. हलकं काम चालू ठेवायचं, बंद नाही करायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पळसाच्या पानांनी हळद-तूप लावून खांद शेकायची, आवतन द्यायचं, उद्या जेवायला या म्हणायचं. आज मोठमोठ्या संघांचे फिजिओ ज्याला लोड मॅनेजमेंट म्हणतात, ते आमच्या गोठ्यात होतं. घरात नव्हतं. बैलाच्या खांद्याला हात लावणारा माणूस स्वतःच्या टाचेला कधी हात लावत नाही, पोराच्या तर नाहीच.

आमच्या आर्वीकडच्या गावात बास्केटबॉल आला कुठून, असं लोक विचारतात. कापसाच्या गाड्या, संत्र्याचे बगीचे आणि मधेच हे बारा-पंधरा पोट्टे लोखंडी कडीत चेंडू टाकताहेत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेल्या एका मास्तरांनी तो आणला. मंडळ १९१४ सालचं. तिथली मंडळी १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. त्यांच्याच शाखेतून आमच्याकडे परदेशी खेळ यावा ही गंमत आहे. जेम्स नेस्मिथनं १८९१ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला तो थंडीत पोरांना आत कोंडून दमवायचं म्हणून, लाकडी फरशीवर. आमचं कोर्ट सिमेंटचं, उघड्यावर, मे महिन्यात पापड भाजून निघेल असं. बुटांचे तळवे मधोमध झिजून सपाट झालेले. धावताना टाचेच्या नसेवर अंगाच्या वजनाच्या सहा-आठ पट ओढ पडते म्हणतात. पोरगं साठ किलोचं असेल तर तुम्हीच हिशोब करा, कापसाची किती बोंद्री झाली. आणि या खेळाची अडचण नुसत्या उडीत नाही. उडी मारून टेकायचं, टेकून लगेच वळायचं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढे जायला आधी एक पाऊल मागे टाकायचं. त्या मागच्या पावलावर टाच खाली जाते, नस पूर्ण ताणली जाते, आणि नेमकी त्याच वेळी पोटरी तिला सगळा जोर लावून वर खेचते.

बूट घालून घरी बसलो असताना, ११ जूनच्या सकाळी, फोनवर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, फायनलचा पाचवा सामना पाहत होतो. तिथला मोठा खेळाडू केव्हिन ड्युरांट महिनाभर पोटरी दुखावल्यामुळं बाहेर होता आणि त्या दिवशी परतला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं चेंडू खेळवत एक पाऊल टाकलं, थांबला, खाली बसला आणि हात लावला तो उजव्या टाचेच्या वर. समालोचक काही बोलायच्या आत मी घरात ओरडलो, "गेली!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं माझीच पुन्हा गेली. पोटरी दुखावणं हा वेगळा आजार आणि टाच तुटणं हा वेगळा, असं मी समजत होतो. पण दोरखंड एकच आहे. वरचा पीळ आखडला की सगळा झटका खालच्या टोकाला.

त्याच लीगमधल्या कोबी ब्रायंटची गोष्ट तर मी त्याआधीही पोरांना सांगायचो. एप्रिल २०१३, वय चौतीस, डावी टाच तुटली आणि गडी तशाच पायानं दोन फ्री थ्रो टाकून, दोन्ही कडीत घालून, चालत बाहेर गेला. वर्गात नाव घेतलं की पोट्टे 'पत्ताकोबी' म्हणून खिदळायचे, मी डाफरायचो, 'याले म्हंते जिगर.' माझी तुटल्यावर ती गोष्ट सांगणं मी बंद केलं. जिगर होतीच, पण लंगडत चालता येणं हे नस तुटली नसल्याचं लक्षण नाही, हे पोरांना सांगितलं नव्हतं. त्या गोष्टीतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा तुकडा तर मला फार उशिरा कळला. पडल्यावर कोबीनं समोरच्या संघातल्या, त्याला अडवणाऱ्या खेळाडूला विचारलं म्हणे, तू मला लाथ मारलीस का? तो म्हणाला, नाही.

कोबीनं फक्त विचारलं. पोराचं घर काढलं नाही.

या नसेला इंग्रजीत अकिलिस म्हणतात, ते नाव अकिलिस या ग्रीक वीरावरून आलं, हे सगळ्यांना माहीत असतं. आई त्याला टाचेला धरून नदीत बुडवते आणि तेवढीच टाच कोरडी राहते. आमच्याकडे वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. म्हणजे कृष्ण आमचा जावई, आणि जावयाला बाण लागला तोही पायालाच. जरा व्याधाला ते हरीण वाटलं. या गोष्टीत मला नेहमी त्या व्याधाची दया यायची. आता मला वाटतं की माझ्या गोष्टीत व्याधच नव्हता आणि मी तो उभा केला. माणसाला आपलंच शरीर आपल्याला दगा देतं हे पटत नाही. दगा तरी कसला? तीन महिने रोज सकाळी पाच पायऱ्यांवर ते सांगत होतं.

एक गोष्ट वाचून मात्र मी खरंच बसून राहिलो. १९५५ ते १९६३ च्या दरम्यान जगभर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या, त्यामुळं हवेतला एक विशिष्ट कार्बन वाढला आणि त्या वेळी वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात तो गेला. डेन्मार्कच्या संशोधकांनी लोकांच्या टाचेच्या नसेत तो मोजला आणि २०१३ मध्ये छापलं, की नसेचा गाभा साधारण सतरा वर्षांपर्यंत घडतो, पुढे जवळपास बदलत नाही. कातडी बदलते, रक्त बदलतं, हाडही हळूहळू बदलतं. हा दोर मात्र एकदाच वळला जातो. माझा वळला गेला त्या सिमेंटच्या कोर्टावर. आणि त्या सव्वीस जानेवारीला सात नंबर सोळा वर्षांचा होता. त्याचा वळला जात होता.

२०२५ च्या जूनमध्ये पाऊस रुसला होता. मृग कोरडा गेला, लोक बियाणं घरात ठेवून आभाळाकडे बघत होते. २३ तारखेला पहाटे मी पुन्हा फायनल लावली, सातवा सामना. इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनची उजवी पोटरी त्याच मालिकेत दुखावली होती, तरी तो उतरला. सात मिनिटांत नऊ गुण केले. आणि मग तेच पाऊल, तेच कोसळणं, जमिनीवर मूठ आपटणं. त्याच हंगामाच्या प्लेऑफमध्ये त्याच्या आधी डेमियन लिलार्ड आणि जेसन टेटमही असेच गेले होते. तिघांच्याही पाठीवर शून्य नंबर, यावर पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच काही चालवलं. आपण पुन्हा हेच केलं असतं, असं हॅलिबर्टननं नंतर लिहिलं. मी त्याला मूर्ख म्हणू शकत नाही. सातवा सामना आयुष्यात किती वेळा येतो? पण तो निर्णय त्यानं पाहून-समजून घेतला होता. त्याच्याभोवती डॉक्टर होते. आमच्या पोरांना निर्णय घ्यायचा आहे हेच कळत नाही.

त्याच आठवड्यात सात नंबर दिसला. आता बावीसचा. अमरावतीला शिकून परत आलाय, पोलीस भरतीच्या नादात आहे. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव, संध्याकाळी आमच्या कोर्टावर बास्केटबॉल, रविवारी कुठंतरी बक्षिसाचे सामने. खेळाडूंच्या कोट्यातून जमतंय का तेही बघतोय. सकाळी साडेसातला मी शाळेचं फाटक उघडत होतो, तो व्हरांड्याच्या पायऱ्या उतरत होता. आडवा होऊन. कठड्याला हात लावून. एकेक पायरी.

माझ्या पोटात कसंतरीच झालं.

"दुखते का रे?"

"नाई सर. सकाऊन सकाऊन आखडते थोडं. गरम झालं का जाते."

मी त्याला पायरीवर बसवलं आणि टाच हातात घेतली. आजवर मी कुठल्या पोराचा पाय हातात घेतला नव्हता. गाठ होती, चार बोटांवर. दाबली तर त्यानं ओठ आवळले. कधीपासून? दोन महिने. दोन महिन्यांपूर्वी काय झालं? भरती निघणार अशी आवई उठली आणि त्यानं पळणं एकदम दुप्पट केलं. गोळ्या कसल्या घेतल्या? नाही घेतल्या. मग व्हरांड्याच्या पारावर पालथा झोपवला आणि पोटरी दाबली. पंजा हलला. दुसरी दाबली, तो पंजाही हलला. मी किती वेळ श्वास रोखून होतो ते तेव्हा कळलं. उभं करून एका पायाच्या चवड्यावर वर-खाली करायला लावलं. उजव्यावर पंचवीस सहज झाले, डाव्यावर अकराव्यालाच पाय थरथरायला लागला.

मग त्याला स्वीडनच्या त्या डॉक्टरची गोष्ट सांगितली, हाकन आल्फ्रेडसन. त्याचीच टाच दुखत होती, ऑपरेशन करून द्या म्हणाला, साहेबांनी नकार दिला. त्यानं ठरवलं, तोडूनच टाकतो, मग तर करावंच लागेल. म्हणून पायरीच्या कडेवर चवड्यानं उभा राहून, वजन घेऊन, टाच कडेखाली सोडायचा, रोज, दुखेल तेवढं. तुटायच्या ऐवजी ती बरी झाली! पुढे त्यानं पंधरा दुखावलेल्या धावपटूंना बारा आठवडे तेच करायला लावलं, दिवसातून दोनदा, गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून पंधराचे तीन, आणि १९९८ मध्ये ते छापलं. पंधराही जण पुन्हा पळायला लागले. पोरगं हसलं. "म्हंजे तोडाले गेला अन् जुळली?" तसंच काहीसं. अट एवढीच की दुखणं सोसवेल इतकंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाच जास्त आखडली तर आदल्या दिवशी अति झालं समजायचं. आणि गाठ थेट टाचेच्या हाडापाशी असती तर कडेखाली सोडायचं नव्हतं, सपाटीवरच करायचं होतं. पळणं बंद नाही, अर्धं. डांबरावर नाही, मैदानाच्या मातीवर. उड्या महिनाभर नाहीत.

तो पायरीच्या कडेवर उभा राहिला, मी मोजायला लागलो. सहाव्या की सातव्याला मी म्हणालो, "त्या दिवशी तू मारली नव्हती."

कोणत्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. टाच खाली सोडली, वर घेतली.

"माह्या बापानं घरी गेल्यावर दोन देल्ल्या होत्या," तो म्हणाला. "सर खोटं कायले बोलतीन म्हने."

मी पुढचा आकडा विसरलो. तो त्यानंच मोजला.

तीन आठवडे तो रोज आला. मीही त्याच्या शेजारी पायरीवर उभा राहायचो, कारण माझा डावा पाय अजूनही उजव्यापेक्षा बारीक आहे आणि अठराव्यानंतर थकतो. पाऊस आला, पेरण्या झाल्या, गाठ थोडी कमी झाली असं त्याला वाटायचं, मला तितकं वाटत नव्हतं. मग फॉर्मची तारीख आलीच, असं कोणीतरी फोनवर टाकलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली. बाहेर रस्त्यावर बुटांचा आवाज होता, लांबून जवळ येत होता. मी पडल्या पडल्याच ऐकत होतो. दोन्ही पावलं सारखी पडताहेत का? एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. उठलो, अंधारातच जोत्याच्या पाच पायऱ्या उतरलो आणि फाटक उघडून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.